मास्तरांचा बोल्ट

आमच्या वडिलांची मान पिवळी होती. सांगलीच्या मार्केट यार्डात ते हळदीची पोती वाहायचे. हळद अंगावरून धुतली जाते, पण मानेच्या घड्यांतून जात नाही. लग्नाकार्यात लोक चेष्टा करायचे, "काय हो, आज हळद नवरदेवाला लागलीय की तुम्हाला?" वडील हसायचे. मला हसू यायचं नाही. आई हंगामात बेदाणा निवडायला जायची आणि हंगाम संपला की लोकांची भांडी घासायची. राहायला यार्डाच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली. गव्हाची पोळी झाली की समजायचं, आज काहीतरी सण आहे. शर्टाची कॉलर विरली की आई ती उसवायची, उलटी करायची आणि परत शिवायची. हातानंच, कारण मशीन नव्हतं. मग तो शर्ट अजून वर्षभर ओढायचा.

त्या उलटवलेल्या कॉलरीच्या शर्टात मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी अजूनही कुठंही बसलो की सांगतो. लोकांना वाटतं मी मिरवतो. मिरवतोच. पोती वाहणाऱ्याच्या पोरानं नाही मिरवायचं तर कुणी?

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं असताना मी दुबईत, देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअरचा कारकून म्हणून लागलो. राहायला बेड शोधत होतो; तिकडं खोली नाही, खोलीतला एक बेड भाड्यानं घेतात, त्याला बेडस्पेस म्हणतात. कुणीतरी सांगितलं, सोन्याच्या बाजाराच्या पलीकडच्या गल्लीत एक मालवणी टेलर आहे, फ्लॅट त्याच्या नावावर आहे, बेड देतो. पण माणूस विक्षिप्त आहे, पटला तरच देतो.

मी गेलो. दार उघडलं ते एका बुटक्या, ताठ माणसानं. गळ्यात मेजरिंग टेप, जानव्यासारखी. मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. पुढे झाले, माझी कॉलर दोन बोटांत धरली आणि उलटून आतली शिवण बघितली.

"उलटवलीय," म्हणाले. "हात चांगला आहे. कोणाचा?"

"आईचा."

"मशीन नाही?"

"नाही."

"टाके बघ कसे, मुंग्यांची रांग. डावा खांदा उतरलाय तुझा, पिशवी उजव्या खांद्याला घेत जा. शिक्षण?"

"ग्रॅज्युएट आहे."

"असू दे," म्हणाले, जणू ती काही खोड होती आणि ते ती खपवून घेणार होते. "खिडकीजवळचा बेड घे."

तेव्हापासून त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. "काय ग्रॅज्युएट, चहा घेणार?" "अहो ग्रॅज्युएट, बाथरूमचा दिवा कोण बंद करणार, तुमचं विद्यापीठ?" आणि आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो, कारण टेलरला मास्तरच म्हणतात.

मास्तर अरबांचे कंदुरे कापायचे. म्हणजे ते पांढरे, पायघोळ, बिनसुरकुतीचे झगे. दुकानात शिवणारे सात-आठ जण होते, पण कापड कापायचं ते मास्तरांनीच. त्यांची कात्री काळी, जड, जुनी. रोज दुकान बंद झालं की ती कापडात गुंडाळून घरी आणायचे आणि उशाखाली ठेवून झोपायचे. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे. एकदा दुकानाच्या अरबाबनं, म्हणजे मालकानं, सहज टेबलावरची कात्री उचलून पुठ्ठा कापला. मास्तरांनी कात्री त्याच्या हातातून काढून घेतली, टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अरबाब, खलास. मैं जाता." ईदचे दिवस तोंडावर. शेवटी अरबाब स्वतः नवीन कात्री घेऊन जिना चढून आमच्या फ्लॅटवर आला. नवीन कात्री पुठ्ठ्यासाठी; जुनीला पुन्हा कोणी हात लावायचा नाही, असा तह झाला.

ही सगळ्याच जुन्या टेलरांची रीत असते, हे मला पुढे कळलं. कात्रीला एका हाताचं वळण लागतं, दुसऱ्या हातानं चालवली की धार फिरते म्हणतात. पण मास्तरांनी ही रीत कात्रीपुरती ठेवली नव्हती. त्यांचा चहाचा ग्लास वेगळा, पाट्याचा दगड वेगळा, इस्त्री वेगळी. कपडे वाळत घालायच्या दोरीचासुद्धा एक तुकडा त्यांचा होता आणि त्याला गाठी मारून हद्द घातली होती. विचारलं की एकच वाक्य ठरलेलं: "दुसऱ्याच्या हाताला आपल्या वस्तूची दया नसते."

बाकी माणूस उदार. कुणाला ताप आला की पेज करून द्यायचे. माझा पहिला पगार उशिरा झाला तेव्हा महिनाभर मी त्यांच्याच ताटातला मासा खाल्ला. पण म्हणून त्यांच्या कढईतला झारा उचलायचा नाही.

आणि मग ती गाडी.

एक जुनी जपानी, पांढरी, गिअरची गाडी. घेतली तेव्हाच म्हातारी होती. आधीचा मालक खाडीवर लाँचीत कामाला होता, गाडी कायम खाऱ्या वाऱ्यात उभी असायची. बिल्डिंगच्या मागं वाळूचं मोकळं मैदान होतं, तिथं सगळे फुकट गाड्या लावायचे. मास्तरांनी गाडीसाठी एक आवरण शिवलं होतं, कंदुऱ्याच्याच कापडाचं, शुभ्र पांढरं, मापात बेतलेलं. आरशांना वेगळ्या बाह्या आणि पुढं बॉनेटवर बटणांची पट्टी. वाळूत, धुळकट टॅक्स्यांच्या मधे ती गाडी नमाजाला निघाल्यासारखी दिसायची. आमच्या खालच्या मजल्यावर पेशावरचा एक टॅक्सीवाला राहायचा, आम्ही त्याला खानसाहेब म्हणायचो. त्यानं गाडीचं नाव ठेवलं होतं दूल्हा. "मास्टरजी, दूल्हा आज बाहर नहीं निकला?"

दूल्हा फक्त शुक्रवारी निघायचा. मास्तर एकटेच चालवायचे. खाडीपर्यंत जायचे, तिथं थांबून एक चहा प्यायचे, परत यायचे. कुणाला बसवायचे नाहीत. "सीटची शिवण ताणते," म्हणायचे. मी त्या फ्लॅटवर किती दिवस राहिलो, पण त्या गाडीचा आतला वास मला माहीत नव्हता.

असं असून गाडीचा फोटो मात्र सगळ्या जगाला दाखवून झाला होता. गाडीच्या दाराला टेकून उभे मास्तर, डोळ्यांवर काळा चष्मा. तो फोटो कुडाळच्या बाजूला त्यांच्या घरात भिंतीवर लावलेला होता. मास्तरांची बायको तिकडं सासू, मुलगी आणि बाग सांभाळत होती. पंधरा-सोळा वर्षं दोघांचा संसार टेलिफोन कार्डावर आणि दोन वर्षांतून एकदा मिळणाऱ्या सुट्टीवर चालला होता. ती कधी दुबईला आली नव्हती. मग मुलीचं लग्न झालं. पुढच्या पावसाळ्यात सासू वारली. आणि मास्तर एका शुक्रवारी टेलिफोन बूथवरून परत आले ते जिना दोन दोन पायऱ्या चढत.

"ग्रॅज्युएट, ती येतेय! व्हिजिट व्हिसा. महिन्याभरासाठी."

"अरे वा! वहिनी येणार!"

"वरच्या मजल्यावर रत्नागिरीचं कुटुंब आहे ना, त्यांच्याकडं एक खोली ठरवलीय. आणि तिला सांगून टाकलं, एअरपोर्टवर आपली गाडी घेऊन येतो म्हणून. पंधरा वर्षं फोटो बघतेय ती. गावात सगळ्यांना सांगून येणार बघ, माझो घोव गाडी घेऊन येतलो."

त्या दिवशी ते इतके खूश होते की गाडीचं तेल-पाणी बघायला लगेच खाली गेले. आणि तिथंच घोटाळा झाला. इंजिनाच्या कडेचं वरचं झाकण काढून त्यांनी आत डोकावलं आणि बराच वेळ वर बघितलंच नाही.

"काय झालं?"

"काठ उसवलाय," म्हणाले.

टायमिंग बेल्ट. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाला एका चालीत ठेवणारा दातेरी रबरी पट्टा. त्याच्या कडेला दोरे सुटले होते. मेकॅनिकनं एकवेळ दुर्लक्ष केलं असतं, पण कापडाचा काठ बघण्यात ज्याचा जन्म गेला त्याच्या नजरेतून दोरा सुटणार कसा? हा पट्टा चालत्या गाडीत तुटला की इंजिनाच्या आतली वाट लागते, एवढं मलाही माहीत होतं. म्हणजे नवा बेल्ट बसेपर्यंत गाडी हलवायची नाही.

"गॅरेजला टाका," मी म्हणालो. "शारजाला एका दिवसात करून देतील."

माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी कात्रीच मागितली होती. गॅरेजची एक जुनी जखम होती. पूर्वी कधीतरी क्लच करायला गाडी दिली होती, तर परत आली तेव्हा बोल्टांची डोकी गोल झालेली आणि एक बोल्ट गायबच. मास्तरांनी तो बोल्ट मागायला तीन वेळा शारजा केलं होतं. म्हणून आता स्वतःच.

काम फक्त शुक्रवारी व्हायचं, बाकी दिवस दुकान. आणि काम सुरू करायच्या आधी मास्तरांनी काय केलं? शिवायला बसले. एक मोठा कापडी चौकोन घेतला, त्यावर खडूनं इंजिनाच्या कडेचं चित्र काढलं, आणि जिथं जिथं बोल्ट तिथं तिथं एक खिसा शिवला. ज्या जागेचा बोल्ट त्याच खिशात जायचा. लहान बोल्टाला लहान खिसा, मोठ्याला मोठा. खानसाहेब बघतच राहिला. "मास्टरजी, हर बोल्ट का अपना बेडस्पेस!"

पहिल्या शुक्रवारी गाडी जॅकवर चढवली, खाली लाकडाचे ठोकळे दिले, पुढचं चाक काढलं आणि झाकणाच्या बोल्टांना हात घातला. खाऱ्या हवेनं एकेक बोल्ट धरून बसलेला. मास्तरांनी शिलाई मशीनच्या तेलाची कुप्पी आणली. प्रत्येक बोल्टाच्या मुळाशी एक एक थेंब सोडायचा, हातोडीनं हलकेच टकटक करायची, मग थांबायचं. पाना लावायचा तर आधी घट्ट करायच्या दिशेला जरासा हिसका द्यायचा, मग उलटा फिरवायचा. "उठा, शेठ," असं म्हणायचे बोल्टाला. "उठा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

बहुतेक उठले. खालच्या कोपऱ्यातला एक मात्र मानेतून तुटला. डोकं पान्यात आणि धड आत. मास्तर ते डोकं हातात घेऊन वाळूत बसून राहिले. दुसऱ्या कुणी शिवी दिली असती. यांनी ते पुसलं आणि त्याच्या खिशात ठेवलं. त्या एका बोल्टावाचून झाकणाचं अडणार नव्हतं, तरी दिवसभर जेवले नाहीत.

मग उरला तो मोठा. इंजिनाच्या खाली मधोमध एक पुली असते, तिला धरून ठेवणारा क्रँकचा बोल्ट. तो निघाल्याशिवाय पुली निघत नाही, पुली निघाल्याशिवाय खालचं झाकण निघत नाही आणि झाकण निघाल्याशिवाय बेल्ट निघत नाही. सगळं त्या एकावर.

त्या बोल्टाची अडचण अशी, की त्याला फिरवायला गेलं की अख्खं इंजिनच त्याच्याबरोबर फिरतं. ते फिरू नये म्हणून गाडी टॉप गिअरमधे टाकायची आणि कुणीतरी आत बसून ब्रेक गच्च दाबून धरायचा. मग दुसऱ्यानं बाहेरून पान्याला लांब पाइप लावून ओढायचं. म्हणजे काम दोन माणसांचं. आणि मास्तर एकटेच.

"मी बसतो ना आत," मी म्हणालो.

"तुझी कॉलर बघितलीय मी. पाय नाही बघितला."

"मैं बैठता हूँ," खानसाहेब म्हणाला. "सारा दिन ब्रेक ही तो मारता हूँ."

"म्हणून तर नको," मास्तर मराठीतच म्हणाले. खानाला ते समजलं आणि तो खो खो हसला.

मग त्यांनी ब्रेकवर वीट ठेवली. वीट घसरली. सीट आणि ब्रेक यांच्यामधे काठी आडवली. काठी वाकली. शेवटी दुकानातली सगळ्यांत जड इस्त्री आणून ब्रेकवर उभी केली. पाइपला झोंबले की इस्त्री आडवी पडायची आणि इंजिन सुळकन फिरायचं. मैदानात गर्दी जमायला लागली. शुक्रवारची सकाळ, कुणाला काही काम नाही. प्रत्येकाच्या देशात गंजलेल्या बोल्टावर एक औषध होतं. किराणा दुकानाचा मलबारी म्हणाला लिंबू पिळा. एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, म्हणाला पेप्सी ओता. एक श्रीलंकेचा माणूस म्हणाला मेण वितळवून सोडा. मास्तरांनी तेल सोडून कशालाही परवानगी दिली नाही.

खानसाहेबाचं औषध मात्र मास्तरांना पटलं, कारण त्याला दुसरा माणूसच लागत नव्हता. "पाना लगाओ, पाइप ज़मीन पे टिकाओ, और चाबी घुमाके सेल्फ मारो. इंजन खुद अपना बोल्ट खोलेगा. पेशावर में सब ऐसे ही करते हैं."

ही युक्ती खोटी नव्हे. बऱ्याच गाड्यांना चालते. मास्तरांनी कॉइलची वायर काढली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. पाइप वाळूतल्या दगडावर टेकवला, सगळ्यांना दूर केलं, आत बसले आणि चावी फिरवली. पाइप दगड सोडून उलट्या बाजूला उडाला आणि मडगार्डच्या आत दाणकन आपटला.

"दूसरी तरफ़ टिकाओ, दूसरी तरफ़!" खान ओरडला.

दुसऱ्या बाजूला टेकवला. चावी फिरवली. 'कट्' असा आवाज आला. मैदानात टाळ्या पडल्या. मलबाऱ्यानं सगळ्यांना फुकट पेप्सी देतो म्हणून जाहीर केलं. मास्तर उतरले, पाना धरला आणि ओढला. मग परत ओढला. चेहरा उतरत गेला.

दूल्हा ज्या जपानी कंपनीचा, तिच्या जुन्या गाड्यांची इंजिनं बाकीच्यांच्या उलट फिरतात. हे आम्हाला नंतर एका ओळखीच्या मेकॅनिकनं सांगितलं. म्हणजे आम्ही इंजिनाच्या सगळ्या ताकदीनिशी तो बोल्ट आणखी घट्ट केला होता. खानसाहेब दोन दिवस मागच्या दारानं ये-जा करत होता. मलबाऱ्यानं पेप्सी दिली नाही.

आणि पुढच्या बुधवारी वहिनींचं विमान होतं.

एअरपोर्टवर आम्ही खानसाहेबाच्या टॅक्सीनं गेलो. मास्तरांनी स्वतः शिवलेला नवा शर्ट घातला होता. वहिनी बाहेर आल्या. उंच, सावळ्या, नऊवारी नव्हे, चापूनचोपून नेसलेली पाचवारी, हातात पिशव्या, त्यांत कोकमं आणि खाजं. मास्तरांकडं बघितलं, मग त्यांच्या मागं बघितलं, मग टॅक्सीकडं.

"गाडी खंय आसा?"

मास्तर पिशव्या उचलण्यात गुंतले. खानसाहेबानंच सांगून टाकलं, "भाभी, दूल्हा बीमार है."

वहिनींना हिंदी कळलं की नाही माहीत नाही. त्या टॅक्सीत बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच मैदानात गेल्या. पांढऱ्या आवरणाची बटणं काढली, एक चाक नसलेली गाडी बघितली, ठोकळे बघितले, भिंतीला टेकवलेला पाइप बघितला. बटणं परत लावली आणि वर येऊन मासे साफ करायला बसल्या.

त्या महिन्यातले मास्तर मी विसरणार नाही. बायको आली म्हणून आनंद, आणि तिला बसमधून फिरवावं लागतंय म्हणून जीव खालीवर. खोर फक्कानचा समुद्र दाखवायचा बेत होता, तो वहिनींनीच मोडला. "समुद्र काय दाखवतास? दारात आसा माझ्या." मग म्हणाल्या, "गाडयेत बसान खंयय चला, हय मैदानात फिरवा तरी चलात." हे त्या सहज म्हणाल्या, पण मास्तर दिवसभर इस्त्री करत बसले, इस्त्रीला कपडे उरले नसतानासुद्धा.

शुक्रवार येत होते आणि जात होते. बोल्ट हलत नव्हता. व्हिसा वाढवून मिळेल का म्हणून मास्तरांनी अरबाबला विचारलं. अरबाब म्हणाला इन्शाल्ला, आणि आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की या इन्शाल्लाचा अर्थ नाही असा आहे. मुलीला दिवस गेले होते, वहिनींना परत जायलाच हवं होतं. परतीचं तिकीट त्यांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून टाचलेलं होतं.

वहिनी जायच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. मास्तरांनी छिन्नी आणली. बोल्टाचं डोकं छिन्नीनं फोडायचं ठरवलं होतं. मी म्हणालो, मास्तर, डोकं गेलं तर मग पान्याला धरायलाच काही राहणार नाही, गाडी इथंच मरेल. त्यांनी ऐकलं नाही. छिन्नी लावली, हातोडी उचलली, परत खाली ठेवली. पुन्हा उचलली. कापड कापताना ज्यांनी कधी दुसऱ्यांदा माप घेतलं नाही, ते मास्तर.

वहिनी चहाची किटली घेऊन आल्या. मैदानात सगळी पुरुषमाणसं, नेहमीची गर्दी. बाईमाणूस एकच. त्यांनी किटली माझ्या हातात दिली, गाडीचं दार उघडलं, पदर खोचला आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या.

मास्तर वाळूतून उठले.

"उतर."

"खंयचो दाबूचो ता सांगा."

"उतर गो, सगळी बघतत."

"बघूंदेत. मी उतरूचंय नाय." आवाज चढवलाच नाही त्यांनी, त्यामुळं प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "पंधरा वर्षां तुमचा घर, तुमची आवस, तुमची बाग, सगळा ह्याच पायांनी चलान सांभाळलंय. तेव्हा कोणी विचारल्यान नाय, पाय कसो आसा म्हणान. आता ह्या पायान तुमच्या गाडयेचो बिरेक दाबलो तर गाडी बाटतली?"

मास्तरांनी छिन्नीकडं बघितलं, मग बायकोच्या पायाकडं. वहिनींनी चप्पल बाहेर काढून ठेवली होती. पायांना भेगा होत्या. मास्तर दाराशी गेले, खाली वाकले आणि तिचा पाय हातात धरून ब्रेकवर ठेवला. अगदी अलगद, कापडावर पट्टी ठेवावी तसा.

"हो मधलो. मी सांगलंय की जोरात दाब. सोडू नको."

"सोडूची नाय."

गिअर टाकला, मास्तर पाइपाशी आले. "दाब!" वहिनींनी दाबला. सीटच्या पाठीला पाठ लावून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून. मास्तरांनी पाइप ओढला. मानेच्या शिरा फुगल्या. इंजिन जागचं हललं नाही, पण बोल्टही हलला नाही. मास्तर थांबले, धापा टाकत होते. वहिनींनी ब्रेक सोडला नाही. खिडकीतून मान काढून म्हणाल्या, "तो ग्रॅज्युएट कित्याक उभो आसा किटली घेवन?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मग पाइपाच्या टोकाकडं हात केला.

"ये. ग्रॅज्युएट, ये. टोकाला धर. झटका मारायचा नाही, वजन टाकायचं. पोतं उचलतात ना, पाय रोवून, तसं."

मी किटली खानाकडं दिली आणि पाइप धरला. पोतं कसं उचलतात हे मला माहीत होतं. मास्तरांनी आधी पाइप जरासा उलट दिशेला दाबला, मग म्हणाले, "यल्ला!" आम्ही दोघांनी अंग टाकलं. पाइप वाकायला लागला. मला वाटलं, गेला, आता पाइप तुटणार नाहीतर बोल्ट. आणि बंदूक उडावी तसा आवाज झाला. आम्ही दोघंही वाळूत तोंडावर पडलो.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गेल्या खेपेची आठवण सगळ्यांनाच होती. मास्तर गुडघ्यांवर रांगत गेले, पाना काढला, बोल्टाला नुसता हात लावला. बोटांनी फिरवला. फिरला. अजून फिरवला, आणि अख्खाच्या अख्खा, मानेसकट, आटे शाबूत, तो बोल्ट त्यांच्या तळहातावर आला.

मग जो गोंधळ उडाला! मिसरी नाचायला लागला, खान किटलीसकट ओरडत होता, मलबाऱ्यानं या खेपेला खरंच पेप्सीचा खोका आणला. गाडीत वहिनी अजून ब्रेक दाबून बसल्या होत्या.

"सोडू काय?"

"सोड गो," मास्तर म्हणाले. "सोड आता." आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. तेलकट बाही होती, सगळं तोंड काळं झालं.

बाकीचं काम सोपं होतं. पुली निघाली, झाकण निघालं. जुना बेल्ट काढायच्या आधी मास्तरांनी टेलरच्या खडूनं बेल्टच्या दातेरी चाकांवर खुणा केल्या, वरची खूण वरच्याला, खालची खालच्याला, कंदुऱ्याचा खांदा जुळवतात तशा. नवा बेल्ट चढवताना वरचं चाक हलू नये म्हणून कुणीतरी धरायला हवं होतं. ते वहिनींनी धरलं. इंजिन हातानं दोनदा फिरवून खुणा जुळल्यात ना ते बघितलं. मग एकेक बोल्ट आपापल्या खिशातून निघून आपापल्या जागी गेला. क्रँकचा बोल्ट परत बसवताना मास्तरांनी मला विचारलंसुद्धा नाही, नुसतं पाइपाचं टोक माझ्याकडं केलं. शेवटी गाडी सुरू झाली ती पहिल्याच चावीला. मास्तर बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

पुढच्या सोमवारी वहिनींचं विमान होतं. मास्तरांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. गाडीत पुढच्या सीटवर वहिनी, मागं मी, माझ्या मांडीवर त्यांची ट्रंक. वाटेत सिग्नलला शेजारी खानसाहेबाची टॅक्सी आली. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो हिरवा दिवा लागेपर्यंत काढला नाही. वहिनींनी खिडकीची काच खाली केली, वर केली, परत खाली केली. मास्तर म्हणाले, "हळू, काच बसतली." मग म्हणाले, "कर, कर."

अशा रीतीनं मास्तरांनी आपल्या बायकोला स्वतःच्या गाडीतून एअरपोर्टवर सोडलं.